पाण्यात म्हैस, वर मोल



“अमुक तेल कंपनी कोणीतरी मोठा घेणार आहे म्हणे. शेअर आताच घेऊन ठेवावेत का?” मी औषधाच्या पुड्या बांधत असताना एका निवृत्त शिक्षकांनी हा प्रश्न विचारला. मी डॉक्टर, शेअरबाजारातला जाणकार नव्हे. त्यामुळे सल्ला दिला नाही. परंतु त्यांच्या वाक्यातल्या ‘म्हणे’ या शब्दाला मोठा इतिहास आहे, आणि बचतीवर उभ्या असलेल्या आपल्यासारख्या घरांनी तो माहीत करून घ्यावा असा आहे. तो घडला अमेरिकेत, १९८२ सालच्या उन्हाळ्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धापूर्वी कच्च्या तेलाचे पिंप सुमारे ३ डॉलरला मिळे. ते युद्ध आणि पुढे इराणमधील क्रांती, या दोन धक्क्यांनंतर १९८० च्या सुमारास तोच भाव ३० डॉलरच्या वर गेला. ज्या कंपन्यांच्या ताब्यात तेलसाठे होते, त्यांची मालमत्ता जागच्या जागी कितीतरी पटींनी वाढली. शेअरांचे भाव मात्र त्या मानाने वाढले नाहीत. आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्याखालची जमीन लाखमोलाची असते, पण भाऊबंदकीत अडकलेला वाडा निम्म्या किमतीत विकायला निघतो, तसा हा प्रकार होता. नवी विहीर खोदून तेल शोधण्यापेक्षा तेल असलेली कंपनीच विकत घेणे स्वस्त झाले.

हे ज्याने नेमके हेरले त्याचे नाव टी. बून पिकन्स. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, आणि टेक्सासमधील अॅमारिलो येथल्या मेसा पेट्रोलियम या कंपनीचा संस्थापक. भागधारक हेच कंपनीचे मालक आहेत, व्यवस्थापकांना त्याचा विसर पडला आहे, असे तो जाहीरपणे सांगे. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागे.

१९८१ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीने कॉनोको ही तेल कंपनी घेतली. पाठोपाठ मॅरेथॉन ऑइल यू. एस. स्टीलकडे गेली. या दोन्ही लिलावांत भागधारकांना घसघशीत भाव मिळाला आणि बाजारात एकच प्रश्न उरला : आता पुढची कोण? मधल्या आकाराच्या प्रत्येक तेल कंपनीकडे लोक संभाव्य वधूकडे पाहावे तसे पाहू लागले.

पुढची ठरली ओक्लाहोमातील टल्सा शहराची सिटीज सर्व्हिस. १९८२ च्या मे महिन्याअखेर मेसा तिच्यावर बोली लावण्याच्या तयारीत होती. मेसा तिच्यापुढे अगदीच लहान. सिटीज सर्व्हिसने उलट मेसावरच बोली लावली! ही ओढाताण चालू असतानाच जूनमध्ये गल्फ ऑइल मैदानात उतरली आणि तिने शेअरमागे ६३ डॉलर देऊ केले. एकूण सौदा सुमारे ५ अब्ज डॉलरचा. मेसाने आपले शेअर ५५ डॉलरने सिटीज सर्व्हिसलाच विकून फायदा पदरात पाडून घेतला आणि ती बाजूला झाली.

आता सट्टा कसा चालतो तो पाहा. बोली ६३ ची असली तरी सौदा पुरा होईपर्यंत बाजारभाव त्याच्या खालीच राहतो. समजा तो ५३ आहे. सौदा पार पडला तर शेअरमागे १० डॉलर सुटतील. मोडला तर भाव मूळ पदावर येईल आणि २० हून अधिक डॉलर बुडतील. म्हणजे हा खेळ तेलावरचा नव्हेच. सौदा होईल की नाही, एवढ्यावरच लावलेली ती पैज. न्यूयॉर्कमधील आयव्हन बोस्की हा अशा पैजांचा बादशहा, आणि तो खेळे तो बव्हंशी कर्जाऊ पैशावर.

६ ऑगस्ट १९८२, शुक्रवार. सरकारच्या मक्तेदारीविरोधी खात्याच्या हरकतींचे कारण देऊन गल्फने बोली मागे घेतली. भाव कोसळत ६३ च्या निम्म्याच्या आसपास आला. बोस्कीचे दोन कोटींहून अधिक डॉलर बुडाले. जमिनीखालचे तेल मात्र गुरुवारी होते तेवढेच सोमवारीही होते. आपल्याकडे म्हणतात ना, पाण्यात म्हैस आणि वर मोल!

अखेर ऑक्सिडेंटल पेट्रोलियमने सुमारे ४ अब्ज डॉलरमध्ये सिटीज सर्व्हिस घेतली. टल्सात कंपनी स्वतःसाठी ५२ मजली मनोरा बांधत होती. तो १७ मजल्यांवर थांबला. ती इमारत आजही तेवढीच आहे. सट्ट्याच्या हिशेबात न धरलेली किंमत कोणी मोजली, ते ती सांगते.

पुढे कालचक्र फिरले. माघार घेणाऱ्या गल्फवरच पिकन्सने मोर्चा वळवला, आणि १९८४ मध्ये ती सुमारे १३ अब्ज डॉलरला शेव्हरॉनच्या पोटात गेली. बोस्कीने त्याच १९८२ साली मार्टिन सीगल या बँकरला पैसे देऊन आतल्या बातम्या मिळवायला सुरुवात केली. ‘म्हणे’च्या जागी त्याला खात्री हवी होती. १९८६ मध्ये तो पकडला गेला, १० कोटी डॉलर भरावे लागले आणि तुरुंगही घडला. मोडलेल्या सौद्याचा खटला तर १७ वर्षे चालला. १९९९ मध्ये शेव्हरॉनने ७७.५ कोटी डॉलर चुकते केले, ते ऑक्सिडेंटलला.

हे सारे परदेशातले, असे म्हणू नका. राजस्थानातील तेलक्षेत्रे असलेली केर्न इंडिया घेण्याचा सौदा वेदांताने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केला. तो पुरा व्हायला डिसेंबर २०११ उजाडला, कारण सरकारची संमती अडली होती. आपल्याकडे आता नियम आहे : २५ टक्क्यांवर हिस्सा नेणाऱ्याने इतर भागधारकांसमोर आणखी २६ टक्क्यांसाठी खुली बोली ठेवायची. हे संरक्षण मोलाचे आहे, पण ते जाहीर झालेल्या सौद्यालाच लागू पडते. नुसत्या ‘म्हणे’ला ते लागू नाही.

म्हणून गुरुजी पुन्हा आले तेव्हा मी त्यांना तीनच प्रश्न दिले. बोली कोणी नाव घेऊन लावली आहे का? तिला कोणाकोणाची संमती लागते? आणि सौदा मोडला तर भाव कुठवर येईल? आमच्यात परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत सांगतात. ती मर्यादा हव्यास सुटण्यापूर्वी घालायची असते, नंतर नव्हे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून ज्याची झोप उडते, त्याने त्या सौद्यात पडू नये.

गुरुजींनी ते प्रश्न पुडीच्या कागदावर लिहून घेतले आणि म्हणाले, “पहिल्यालाच अडलो, डॉक्टर.”