निर्भय वाणीचा पत्रकार
लेखणी व वाणी ही दोन्ही निर्भयपणे चालविणारे पुरुष विरळा. अमेरिकन पत्रकार एडवर्ड मरो (१९०८–१९६५) त्यांपैकी एक होत. १९४० साली लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत असता गच्चीवर उभे राहून त्यांनी नभोवाणीवरून तेथील वृत्तांत स्वदेशी कळविला. पुढे सिनेटर मॅकार्थी नुसत्या संशयावरून लोकांस कम्युनिस्ट ठरवू लागले. भयाने पुष्कळांची वाचा बसली. ९ मार्च १९५४ रोजी मरो यांनी दूरचित्रवाणीवर मॅकार्थींचीच भाषणे दाखवून त्यांतील अर्धसत्ये उघडी पाडली. कार्यक्रमाच्या जाहिरातीस कंपनीने पैसे नाकारले. ते मरो व सहकारी फ्रेंडली यांनी पदरचे घातले. डिसेंबरात सिनेटनेही मॅकार्थींचा निषेध केला.

ज्ञातिबांधवहो, आपण मुलांस विद्या देतो; तिच्याबरोबर हे धैर्यही द्यावे.