पायाळूची लाथ

आठ वर्षांच्या पोराने सत्तरीच्या आजोबांना लाथ मारायची आणि सगळ्या घराने ती कौतुकाने बघायची, असा प्रसंग आमच्या गावी मी कैकदा पाहिला आहे. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगाव आणि नांदुऱ्याच्या मधल्या काळ्या रानातलं. लाथ मारणारा माझा चुलतभाऊ. तो पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेला. कुणाला उसण भरली, पऱ्हाटीत वाकून वाकून कुणाची कंबर धरली, की निरोप यायचा, "पायाळूले धाडा बरं जरासा." दुखणेकरी चौकट धरून उंबऱ्यात उभा राहायचा. पोरगा मागून यायचा आणि कमरेत हाणायचा, तीनदा. बोलायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. लाथ मारून झाली की लगेच आजोबांच्या पाया पडायचं, कारण थोरांना पाय लागला होता.

आमच्या जिल्ह्यात माणूस घाटावरचा की घाटाखालचा हे आधी विचारतात. राजूर घाट उतरला की बोली बदलते. पायाळू मात्र वर-खाली दोन्हीकडे चालतो.

हाच भाऊ आता पन्नाशीला आला आणि त्याचीच कंबर धरली. पायाळूला स्वतःला लाथ मारता येत नाही, ही या शास्त्रातली मोठी अडचण. त्याच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले: पांढऱ्या कोटातला माणूस कुणाची तरी मान धरतो, झटका देतो, कडकन आवाज होतो आणि रोगी हसत उठतो. "कायरो म्हणतात बाबा याले." मुलगा त्याला शहरात घेऊन गेला. परत आल्यावर भाऊ म्हणाला, "आपलंच हाये. फक्त ते हातानं करतात."

त्याने नकळत शब्दाची फोडच केली होती. कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीक मुळांवरून घडवला: कायर म्हणजे हात, प्रॅक्सिस म्हणजे करणी. हाताची करणी. मग पायाची करणी कुठून आली, हे मी शोधू लागलो आणि बुलढाण्यातून निघून भलतीकडेच पोचलो.

ग्रीसमधल्या एपिरसचा राजा पिऱ्हस इ. स. पूर्व 272 मध्ये मेला. जिंकूनही हरल्यासारख्या विजयाला ज्याचं नाव चिकटलं, तोच हा. प्लुटार्क सांगतो, की हा राजा रोग्याला उताणं झोपवून उजव्या पायाने हळूच प्लीहेवर दाबायचा आणि दुखणं जायचं. गरिबातला गरीब आला तरी तो नाही म्हणायचा नाही. त्याच्याही आधी हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात पाठीला आलेल्या कुबडाचा उपाय आहे: रोग्याला फळीवर पालथं बांधायचं, दोन्ही टोकांनी ताणायचं आणि वैद्याने तळहाताने दाबायचं, हवं तर त्यावर बसायचं, हवं तर पाय देऊन भार टाकायचा. पाय देणारा वैद्य तिथे उघडपणे आला आहे, पण तो पायाळू असावा अशी अट नाही.

ती अट मला सापडली ती थेट स्कॉटलंडमध्ये. वॉल्टर ग्रेगर नावाच्या पाद्र्याने तिथल्या ईशान्य भागातल्या लोकसमजुतींचं पुस्तक 1881 साली छापलं. त्यात लिहिलं आहे, की पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या अंगी लचक, कंबरदुखी आणि संधिवात बरा करायची शक्ती असते. तो दुखरा भाग चोळतो किंवा तुडवतो, आणि खरा गुण त्याच्या पायांत असतो. हे वाचताना मला ग्रेगरच्या पुस्तकात आमच्याच ओसरीचा उंबरा दिसू लागला.

नांदुऱ्याने स्कॉटलंडकडून घेतलं की उलट, या वादात मी पडणार नाही. मला वाटतं दोघांनी कुणाकडूनच घेतलं नसावं. पाठ ही अशी जागा आहे, की तिथे स्वतःचा हात पोचत नाही. दुसऱ्याने दाबायचं तर हाताचं बळ अपुरं पडतं आणि पाय उपयोगी येतो. राहिली पायाळूची अट. तिच्यामागे साधं गणित असावं: जो उलटा जन्मला तो उलटं झालेलं सुलट करील.

हाताची वाटही जुनी आणि जास्त व्यवस्थित आहे. सुश्रुताने मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. पाठीचा कणा, कंबर, मांडी यांसाठी त्याने फळीवर निजवून खुंट्यांनी जखडायचं कपाटशयन सांगितलं, आणि वड, उंबर, पळस, बांबू यांच्या साली-पट्ट्या बांधायला सांगितल्या. बंध सैल झाला तर सांधा ठरत नाही, फार आवळला तर सूज येते, ठणका लागतो आणि पू होतो, म्हणून मध्यम बांधावा, असं तो बजावतो. थंडीत सात दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी तो बंध सोडून नव्याने बांधायचा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हा तीन दिवसांचा नियम पटायला ग्रंथ लागत नाही. गावोगावच्या हाडवैद्यांकडे बांबूच्या कामट्या, लेप आणि कांडवेल आली, पण हा नियम वाटेत गळाला. करकचून बांधलेल्या कामट्यांखाली रक्त थांबून हात काळा पडलेला माणूस मी पाहिला आहे. त्याचा हात कोपराखाली कापावा लागला.

युरोपातही हाडं बसवणारे अडाणी समजले जात. लंडनचे नामवंत शल्यवैद्य जेम्स पॅजेट यांनी 1867 साली आपल्या विद्यार्थ्यांपुढे याच विषयावर व्याख्यान दिलं. हे लोक नुकसान करतात, पण काही रोगी त्यांच्याकडे बरे होतात हेही खरं, तेव्हा चांगलं तेवढं त्यांच्याकडून शिका, असा त्यांचा सूर होता. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

आणि मग अमेरिका. कॅनडात जन्मलेला डॅनिएल डेव्हिड पामर आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला चुंबकीय उपचार करायचा. त्याआधी त्याने शाळेत शिकवलं होतं, किराणा विकला होता. त्याच्या इमारतीतला सफाई कामगार हार्वी लिलार्ड याला नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी कटकन झालं आणि कान गेले, असं त्याने सांगितलं. पामरने 18 सप्टेंबर 1895 रोजी त्याचा मणका दाबून जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी ही जन्मकथा. लिलार्डच्या मुलीने सांगितलेली हकिकत वेगळी आहे: वडील बाहेर विनोद सांगत होते, पामर ऐकता ऐकता हसला आणि हातातलं जाडजूड पुस्तक त्याने त्यांच्या पाठीत हाणलं. ही दुसरी हकिकत खरी असेल, तर कायरोप्रॅक्टिकचा जन्म आमच्या ओसरीपासून फार लांब झालेला नाही.

ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जात नाही, हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. पामरने मात्र पुढे सिद्धांत मांडला, की बहुतेक रोग मणके किंचित सरकून नसा दबल्याने होतात. मणका बसवला की शरीरातली उपजत बुद्धी बाकीचं आपण करते. औषधाविना बरं होण्याची ही कल्पना लोकांना भावली. सॅम्युएल वीड या पाद्री रोग्याने शब्द सुचवला, 1897 मध्ये शाळा निघाली. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून 1906 साली पामर तुरुंगात गेला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुढे या पंथाला भोंदूगिरी ठरवून वाळीत टाकलं आणि 1987 मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. आज तिकडे त्यांना परवाना मिळतो. भारतात त्यांची नोंद ठेवणारी सरकारी परिषदच नाही, त्यामुळे पाटी कोण लावतो यावर सगळं आलं.

गुण येतो का? साध्या कंबरदुखीत थोडा येतो, व्यायामाने येतो जवळपास तितकाच. बहिरेपण, दमा, मधुमेह यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. कडकन आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. आणि बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपणच ओसरते. लाथ मारा, झटका द्या किंवा शेकत बसा. यश मात्र शेवटी जो हजर असेल त्याचं. आमच्याकडे कंबरदुखी मुबलक. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा 1870 मध्ये खास कापसासाठी टाकला आणि उद्घाटनाला गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. एक गठाण आज 170 किलोची. वेचणारीची कंबर आणि हमालाची पाठ या धंद्याने वाकवली. त्यांना परवडणारा वैद्य म्हणजे फुकट लाथ मारणारा पोरगा.

लाथ घातकी ठरते ती मणक्याच्या क्षयात. आतून पोखरलेला मणका धक्क्याने ढासळू शकतो, आणि क्षय आपल्याकडे दुर्मिळ नाही. कंबरेबरोबर पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, ताप आणि वजनात घट असली, तर पायाळूही नको आणि कायरोही नको, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. मानेला झटका तर कुणालाच देऊ देऊ नये, दाढीनंतर लाडाने मान मोडणाऱ्या न्हाव्यालाही नाही. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते.

पायाळू असणं सुखाचं नव्हतं. मृगाच्या विजा चमकू लागल्या की आजी भावाला घरात कोंडून ठेवायची, कारण पायाळूवर वीज पडते. परक्या माणसासमोर तो पायाळू असल्याचं ती बोलू द्यायची नाही. डोळ्यांत अंजन घातलं की पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, ही समजूत, आणि त्या नादाने पोरं पळवतील हे तिचं भय. गुप्तधनाच्या नावाने चालणारे असले अघोरी प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरले, तोवर आजी गेली होती.

पायाळू आता संपत चालले आहेत. दिवस भरलेल्या शंभरातली तीन-चार बाळं पोटात डोकं वर करून असतात. 2000 साली 26 देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला: अशा बाळांना ठरवून केलेलं सिझेरियन जास्त सुरक्षित. त्यानंतर अनेक देशांत डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा रस्ता धरला आणि पायांकडून जन्मणं खूप कमी झालं.

मागच्या दिवाळीत पुतणीचं बाळ तसंच होतं. तालुक्याच्या गावी सिझेरियन झालं. बाळंतिणीची खबर घेऊन झाल्यावर माझ्या काकूने, म्हणजे आमच्या पायाळूच्या आईने, डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "बाई, काढतानी आधी काय भाईर आलं, डोस्कं का पाय?"

"पाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कमरेला पट्टा बांधलेला भाऊ बाकावर बसला होता. काकूने बाळाचे पाय दुपट्यातून बाहेर काढून त्याच्यापुढे धरले. त्याने ते दोन बोटांत तोलून पाहिले आणि म्हणाला, "चालायले तं लागू दे आधी."