“फक्त मुलींचं आहे ना?”: कल्याण, फिलाडेल्फिया आणि सोल

समजा, भिवंडीतल्या एखाद्या मुलीने घरी सांगितलं, “मला एक सेमिस्टर एक्स्चेंजवर कोरियाला जायचंय.” खर्चाचा विषय निघायच्या आधी बहुतेक घरांत प्रश्न येईल, “एकटी?” मग ती म्हणाली की सोलमधलं इह्वा हे विद्यापीठ फक्त मुलींचं आहे, तर घरातला सूर जरा मवाळ होईल. तो का मवाळ होतो आणि त्याच्या बदल्यात मुलीकडून काय मागितलं जातं, हा माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे. त्यातला एक धागा आज तुमच्यासमोर ठेवते. तो सुरू होतो भिवंडीच्या शेजारीच, कोनगाव आणि दुर्गाडीचा पूल ओलांडला की येणाऱ्या कल्याणात.

आनंदीबाईंचं वचन

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल: नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत गेलेलं मूल, आणि डॉक्टर व्हायचा निश्चय. पण त्या शिकल्या त्या कॉलेजच्या नावाकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’. स्थापना १८५०. इतर मेडिकल कॉलेजं बायकांना दारात उभं करत नव्हती, म्हणून हे वेगळं काढावं लागलं. म्हणजे अमेरिकन बाईलाही तेव्हा दुसरं दार जवळपास नव्हतंच.

निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूर इथे भाषण केलं. वय अठरासुद्धा पूर्ण नव्हतं. आपण का जातोय हे सांगताना त्यांनी लोकांना एक वचनही दिलं: हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. थोडक्यात, शिकेन, पण बदलणार नाही.

सोलमधलं वचन

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. मिळाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी सोलमध्ये मेरी स्क्रँटन या अमेरिकन मिशनरी बाईंनी एका विद्यार्थिनीला घेऊन शाळा सुरू केली. तीच आजची इह्वा. हे नाव पुढच्या वर्षी कोरियाच्या राजदरबाराकडून मिळालं.

सुरुवातीला मुली मिळेनात. परक्या बाईकडे पोर कोण पाठवणार? एका गरीब घरातल्या आईला भीती होती की ही बाई मुलीला अमेरिकेला घेऊन जाईल. तेव्हा स्क्रँटनबाईंनी लेखी हमी दिली की तुमच्या परवानगीशिवाय मुलीला देशाबाहेर नेणार नाही.

ही दोन वचनं शेजारी ठेवून बघा. कल्याणच्या बाईने स्वतः समाजाला दिलेलं एक, आणि कोरियन मुलीसाठी शाळेने आईला दिलेलं दुसरं. दोन्हीकडे भीती एकच: मुलगी आपली राहणार नाही.

फिलाडेल्फियाहून सोलला

पुढची कडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आनंदीबाईंच्याच कॉलेजातून १८८९ साली रोझेटा शेरवूड डॉक्टर झाल्या. जपानच्या केई ओकामीही त्याच वर्षी तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. रोझेटा १८९० साली सोलला गेल्या आणि तिथल्या बायकांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. रुग्णांशी बोलायला दुभाषी हवी होती. ती मिळाली इह्वाची विद्यार्थिनी किम जम-दोंग, बाप्तिस्म्यानंतरची एस्थर.

ही एस्थर पुढे नवऱ्यासोबत अमेरिकेला गेली आणि बाल्टिमोरच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून १९०० साली डॉक्टर झाली. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली ती पहिली कोरियन स्त्री. तिच्या शिक्षणासाठी राबणारा नवरा पदवीच्या थोडंच आधी क्षयाने गेला. १९१० साली तीही क्षयानेच गेली. आनंदीबाई त्याच रोगाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक कागदावरच राहिली. वचन मात्र त्यांनी पाळलं होतं.

दोन विद्यापीठं

आपल्याकडच्या महिला विद्यापीठाची कल्पनाही पूर्वेकडून आली. टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली, आणि १९१६ साली त्यांनी पुण्यात विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्याचं एसएनडीटी झालं. पण कायद्याची पूर्ण मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. इह्वालाही विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो जपानी राजवट संपल्यावर, १९४६ साली. योगायोग असा की दोन्ही देशांचा स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टच. परक्या सरकारांना या संस्थांची घाई नव्हती, हे मात्र योगायोगाने घडलेलं नाही.

मग आज काय?

“फक्त मुलींचं आहे, म्हणजे सुरक्षित” असं आपण म्हणतो तेव्हा घरच्यांच्या काळजीबद्दल बोलत असतो. तिथे मुलींनी काय केलं, ते त्यात येत नाही. ज्या कुंपणाकडे बघून घरच्यांनी होकार दिला, त्याच्या आतून बायका पुढच्या देशात गेल्या आणि तिथे दुसरीसाठी जागा करून आल्या. भिवंडीतही जी. एम. मोमीन विमेन्स कॉलेज आहे. तिथे मुलीला पाठवणाऱ्या घरांनाही हा हिशेब ओळखीचा वाटेल.

पण वचन अजून मुलीच देतात. रोज व्हिडिओ कॉल करेन, तिथलं काहीबाही खाणार नाही, आहे तशीच परत येईन. मुलगा जर्मनीला निघाला की त्याच्याकडून “आहे तसाच परत ये” असं कोण मागतं? उलट तो बदलून, मोठा होऊन यावा म्हणूनच त्याला पाठवतात. इतिहास वाचून मला तरी एवढं कळलंय की परवानगीची किंमत काय ठरली, हेही परवानगीइतकंच तपासायला हवं.

तुमच्या घरात आजी, आत्या, मावशी कुणी मुलींच्या शाळेत किंवा वसतिगृहात राहून शिकली असेल, तर तिला एकदा विचारा: पाठवताना घरच्यांनी काय कबूल करून घेतलं होतं? आणि त्यातलं तिने किती पाळलं? उत्तर मला जरूर कळवा. अशा गोष्टी सरकारी दफ्तरात सापडत नाहीत.