न लागलेला दिवा : मोटारीतल्या सूचनादिव्यांचा एक छोटा इतिहास

मागच्या रांगेत बसलेल्या गॅरेजवाल्या मित्रांनो,

उमरीत इतिहासावर व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांना वाटतं, वक्ता ३० जानेवारी १९४८च्या बँकेच्या प्रकरणावर बोलणार. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या त्या दिवसाबद्दल जाणत्यांनी इथे पुष्कळ सांगितलं आहे. आम्ही आज इतिहासच सांगणार आहोत, पण तो मोटारीच्या डॅशबोर्डवरच्या एका लाल दिव्याचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा उद्योग कोणी सांगितला, असं तुम्ही म्हणाल. कोणी सांगितला नाही. तो आमच्यावर ओढवला.

सुरुवात थोडी मागून करू. पहिल्या मोटारी हँडल मारून सुरू होत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर बसला आणि हँडलचे दिवस संपायला लागले. पण सेल्फ आला म्हणजे बॅटरी आली, बॅटरी आली म्हणजे ती भरणारा डायनॅमो आला, आणि तो खरोखर भरतोय की नाही हे बघायला अँपिअरमीटर आला. काटा अधिकच्या बाजूला असेल तर बॅटरी भरतेय, उण्याकडे असेल तर रिकामी होतेय. किती, तेही कळायचं. म्हणजे ड्रायव्हरला काटा वाचावा लागे आणि अर्थ स्वतः लावावा लागे.

१९३०च्या दशकात हडसन या अमेरिकी कंपनीने काट्यांच्या जागी दिवे बसवायला सुरुवात केली. दिवा स्वस्त, आणि तो समजायला शिकावं लागत नाही. तिकडच्या जाणकारांनी त्याला ‘बावळटांचा दिवा’ असं नाव ठेवलं. थट्टा सोडली तरी तक्रार खरी होती. काटा ‘किती’ ते सांगायचा, दिवा फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो.

आपल्याकडे हा दिवा घरोघर पोचवला तो फियाटने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनू लागल्या आणि १९७०च्या दशकात त्या गाडीचं नाव पद्मिनी झालं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक या मंडळींची ही गाडी. आमचीही होती. सेकंडहँड.

आता त्या लाल दिव्याची जोडणी बघा, फार सुंदर आहे. दिव्याचं एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला, दुसरं डायनॅमोला. किल्ली फिरवली की बॅटरीकडे १२ व्होल्ट असतात आणि डायनॅमो थंड असतो. वीज एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहते, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, डायनॅमो फिरला, दोन्ही टोकं सारखी झाली. मग वाहायला कारणच उरत नाही, दिवा विझतो. म्हणजे हा दिवा दोन टोकांमधली विषमता दाखवतो. समता आली की तो गप्प.

पण गप्प राहायला त्याला आणखी एक कारण असू शकतं. तो स्वतःच मेलेला असेल! आमची फजिती झाली ती इथे.

१९९०च्या दशकातला उन्हाळा होता. गाडीला नवी बॅटरी घेतली. दुकानातल्या एका पोराने ती बसवून दिली. आठ दिवसांनी रात्री नांदेडहून येताना मुदखेडच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडले, मग तांबूस झाले, आणि गाडी बंद पडली. सबंध वाटेत लाल दिवा एकदाही लागला नव्हता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून अनुमान केलं : दिवा लागला नाही, अर्थी डायनॅमो ठीक, डायनॅमो ठीक, अर्थी बॅटरी खराब, नवी बॅटरी खराब, अर्थी पोराने जुनी गळ्यात मारली. दुसऱ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर आम्ही त्या पोराला नको ते बोललो. तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

त्याचा उस्ताद बाहेर आला. म्हणाला, “सर, किल्ली फिरवा. इंजिन चालू करू नका.” फिरवली. “लाल दिवा लागला का?” नाही. “मग तो रात्री सांगणार कसा? मुकं माणूस ओरडलं नाही म्हणून घरात चोर आला नाही, असं म्हणता का तुम्ही?” मग त्याने डायनॅमो उघडून ब्रश दाखवले, पार झिजलेले. “म्हैस आटली नाही सर, तिला वैरणच मिळंना झालीय.” दोन-चार रुपयांचा बल्ब उडालेला होता, एवढंच.

मित्रहो, आम्ही त्या काळी वर्गात काय शिकवत होतो, सांगू? अनुपलब्धी. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अभाव जाणण्यासाठी मानलेलं स्वतंत्र प्रमाण. आणि तिला एक अट आहे : ती योग्य अनुपलब्धी हवी. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच ‘दिसली नाही’ यावरून ‘नाही’ म्हणता येतं. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. हे आम्ही फळ्यावर लिहीत होतो. उस्तादाला ते किल्ली फिरवून माहीत होतं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. डायनॅमो जाऊन आल्टरनेटर आला. त्याच्या बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटरला जागं करणारी पहिली वीज या दिव्यातूनच जाते. बल्ब उडाला की चार्जिंगच सुरू होत नाही. म्हणजे साक्षीदार आता घटनेतच सामील झाला.

मग इंजिनावर संगणक बसला. अमेरिकेत १९९६पासून, आणि आपल्याकडे २०१०नंतर बीएस-४ निकषांबरोबर, गाडीने आपले दोष स्वतः नोंदवून ठेवण्याची सक्ती आली. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा तो हाच. स्कॅनर लावला की संकेतांक मिळतो. समजा, पी-०१७१ आला. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हवा गळतेय, पंप थकलाय की सेन्सर खोटं बोलतोय, हे माणसालाच शोधावं लागतं. संकेतांक वाचून थेट सेन्सर बदलणारा मिस्त्री आणि मुदखेडच्या अलीकडे उभे असलेले आम्ही, दोघांची चूक एकाच जातीची.

मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३पासून गेली. गावाकडे अजून एखादी दिसते. पण जुन्या मारुत्या, जुन्या इंडिका पुष्कळ आहेत, आणि त्या विकताना काही लोक काय करतात, हे मागच्या रांगेला माहीत आहे. दोष काढत नाहीत, दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात, नाहीतर बल्बच काढून टाकतात. डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो, गिऱ्हाईक खूश. म्हणून गाडी घेताना आधी किल्ली फिरवा, इंजिन सुरू न करता थांबा, आणि सगळे दिवे लागतात का ते मोजा. जो दिवा आत्ता लागला, त्याच्याच विझण्यावर नंतर विश्वास ठेवा.

त्या पोराची माफी आम्ही मागितली, पण दोन आठवड्यांनी, आणि तेव्हा दुकानात दुसरं कोणी नव्हतं. चारचौघांत बोललो होतो, तर माफीही चारचौघांत मागायला हवी होती. तो पोरगा आज स्वतःचं गॅरेज चालवतो, आणि या सभागृहातच बसला आहे. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. पण ती राहिलेली माफी आज आम्ही तुमच्या सर्वांच्या समोर मागतो.