तीन उतारे : मोडीपासून संगणकापर्यंत

आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एकाच शेताचे तीन कागद आहेत. शेत खानापूर तालुक्यातलं, भाताचं. पहिला कागद मोडीत, दुसरा बाळबोध मराठीत आणि तिसरा संगणकावरून काढलेला, कन्नडमध्ये. तिन्हींवर नावं आमच्याच घराण्याची. पहिला कागद आजोबा घडाघडा वाचायचे, दुसरा वडील वाचायचे. तिसरा वाचून घ्यायला मला शेजारच्या दुकानदाराकडे जावं लागलं. सरकारी कामातलं तंत्र बदललं की साध्या माणसाच्या वाट्याला काय येतं, हे या तीन कागदांवरून बघू या.

उतारा म्हणजे मूळ वहीतून उतरवून घेतलेली नक्कल. ती मूळ वही कुणाच्या हातात, यावर सगळा खेळ असतो. जुन्या काळी ती गावच्या कुलकर्ण्याकडे, रुमालात बांधलेली असायची. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात पहिलं मोठं तंत्र आलं ते मोजणीच्या साखळीचं. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेल्या मोजणीत साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज आपण सहज ‘दहा गुंठे’ म्हणतो, त्यामागे ही साखळी आहे. तिने शेताला सर्व्हे नंबर दिला. पुढे १९०३ च्या कायद्याने जमिनीवरचे हक्क नोंदवायची पद्धत आली. हक्काचा गावनमुना सात आणि पिकांचा गावनमुना बारा, दोन्ही मिळून ‘सातबारा’ झाला. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं सातबाराच म्हणतात.

१९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. वंशपरंपरेचा कुलकर्णी गेला, पगारी तलाठी आला. त्याच सुमारास सरकारी कामातून मोडीही मागे पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि दफ्तराची भाषाही हळूहळू बदलत गेली. ट्रंकेतला दुसरा कागद या उलथापालथीच्या आधीचा आहे.

तलाठ्याचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वही एकच, आणि ती त्याच्या पिशवीत. पीककर्ज असो, वारसा लावायचा असो की कोर्टाचं काम, उतारा त्याच्याकडूनच घ्यायचा. तो सजेवर नसला की ‘उद्या या’. प्रामाणिक तलाठीही होतेच. पण वहीत कोणी कधी काय खोडलं, काय वाढवलं, हे शेतकऱ्याला कळायची सोय नव्हती.

ही मक्तेदारी मोडली ती कर्नाटकच्या ‘भूमी’ योजनेने. सनदी अधिकारी राजीव चावला यांच्या पुढाकाराने सुमारे नऊ हजार तलाठ्यांकडच्या वह्या संगणकात भरल्या गेल्या. त्यात जवळपास ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी नोंदी होत्या. २००२ पर्यंत राज्यातल्या १७७ तालुक्यांत काम उभं राहिलं, आणि हाताने लिहिलेला उतारा बाद झाला. तालुका कचेरीतल्या खिडकीवर १५ रुपये दिले की छापील पहाणीपत्र हातात. फेरफाराचा अर्ज केला की पोच मिळायची, आणि अर्ज आलेल्या क्रमानेच पुढे सरकायचा. अधिकाऱ्याला बोटाचा ठसा दिल्याशिवाय संगणकात शिरता येत नसे, त्यामुळे नोंद कोणी मंजूर केली हे नाकारायची सोय उरली नाही. ज्याने तलाठ्याच्या दारात तासन्‌तास उन्हात काढलेत, त्याला याची किंमत कळते. माझ्या वडिलांना ती कळली होती.

पण वही तलाठ्याच्या पिशवीतून निघाली म्हणजे ती शेतकऱ्याच्या हातात आली, असं झालं नाही. २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘भूमी’वर टीका करताना हेच दाखवलं : नोंदी एका जागी आल्या की त्यांचा फायदा मोठ्या जमीनखरेदीदारांना आधी होतो. आमच्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे, लिपीची. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, तसेच ‘ओ’ही दोन. देवनागरीत आपण एकेकच लिहितो. आता ‘गोपाळ’मधला ‘गो’ एकदा ऱ्हस्व पडला आणि एकदा दीर्घ, तर कुलकर्णी हसून म्हणाला असता, ‘अरे, हा तोच.’ संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि ज्याचं नाव चुकलंय, त्यालाच कागद वाचता येत नसेल तर चूक धरणार कोण?

सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात हाच उतारा मराठीत मिळतो, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचाही. तिथे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, इथे अजून एकर-गुंठ्यात. ज्या घरांची शेतं दोन्हीकडे आहेत, त्यांना एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड दोन भाषा आणि दोन मापं सांभाळावी लागतात.

यात कन्नडशी भांडण नाही. राज्याची भाषा कागदावर असणारच. पण कुलकर्ण्याला जे जमणं कठीण होतं ते संगणकाला सोपं आहे : तीच नोंद दोन लिप्यांत छापणं. रकान्यांची नावं ठरलेली आहेत, माणसांची नावं तेवढी लिपी बदलून द्यायची. तंत्र आहे, फक्त ठरवायला हवं.

तोवर आपल्याला एक काम करता येईल. ‘भू सुरक्षा’ योजनेत कचेऱ्यांतली जुनी दफ्तरं स्कॅन होत आहेत. मोडीची पानंही त्यात जपली जातील, पण वाचणारे कमी होत चालले आहेत. तेव्हा मंडळी, आपापल्या ट्रंका उघडा. जुने उतारे नव्याशेजारी ठेवा. मोडी जाणणारं आणि कन्नड जाणणारं माणूस एकत्र बसवा आणि नाव नावाशी ताडून बघा. आम्ही बसलो, तेव्हा पणजोबांच्या नावातली चूक सापडली. ती दुरुस्त करायचा अर्ज आता क्रमाने पुढे सरकतो आहे.