पदक, तुरा आणि पायातलं सोनं



पदक म्हटलं की आज शाळेची शर्यत आठवते. पण आपल्या आजीच्या डब्यात पदक म्हणजे माळेच्या मधोमध लोंबणारा दागिना. भूषण म्हणजेही दागिनाच. त्यातूनच पद्मभूषण आणि महाराष्ट्रभूषण झालं. नातू पहिला आला की आपण शिरपेचातला तुरा म्हणतो, तोही पागोट्यावरचा दागिना.

हे नुसतं बोलण्यात नव्हतं. १६५९ साली अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांना काय काय दिलं, ते सभासदाच्या बखरीत आहे. त्यात कडी, कंठमाळा, तुरे, पदकं अशी नावं येतात. (आमचं गाव कडा, पण त्या कड्यांशी त्याचं नातं मी लावत नाही!)

आपल्या मारवाडातल्या पूर्वजांकडे तर याहून कडक रीत. राजस्थानातल्या संस्थानांत पायात सोनं घालायला दरबाराची परवानगी लागे. तिजोरी कितीही भरलेली असो, हुकूम नसेल तर सोन्याचा तोडा पायात घालता येत नसे. मी कॉमर्स शिकलेली, दागिना दिसला की आधी वजन, मग घट आणि मजुरी बघते. पण या तोड्याची किंमत काट्यावर कळलीच नसती.

परमवीरचक्राचंही तसंच. देशाचा सर्वांत मोठा युद्धसन्मान, आणि धातू कुठला? साधं कांस्य. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांनी केली. जन्मानं त्या युरोपातल्या, लग्न करून आपल्याकडच्या खानोलकरांच्या घरात आल्या. चक्रावर त्यांनी इंद्राचं वज्र चार वेळा कोरलं, कारण ते वज्र घडवायला दधीची ऋषींनी स्वतःची हाडं दिली होती. पहिलं परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. ते सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर. घरातल्या माणसाच्या मरणावर आपणच घडवलेलं पदक आलेलं पाहून त्या माउलीला काय वाटलं असेल!

आता आपल्याकडे या. भगवान महावीरांनी तिसाव्या वर्षी अंगावरचे सगळे अलंकार स्वतः उतरवले. आजही दीक्षार्थी बहिणीला नटवून, सजवून वरघोडा काढतात. मग ती सगळं उतरवते, पांढरी वस्त्रं घालते, आणि कालपर्यंत तिला अगं-तुगं म्हणणारे आपण खाली वाकून वंदना करतो.

आणि नवरा गेलेल्या बाईचे दागिने? तेही उतरतात, फक्त तिला कुणी विचारत नाही. दोघींचे हात मोकळे, दोघींची वस्त्रं साधी. एकीला वंदन, तर दुसरीला हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा नाही. मला हा हिशेब कधीच जुळला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं.

आमच्याकडे अजून तपस्विनींच्या सत्कारात कुंकू फक्त सवाष्णींना लावतात. अठ्ठाई केलेली विधवा बहीण शाल घेऊन कोरड्या कपाळानं खाली उतरते. उपवास तिनंही आठच केलेले असतात. येत्या पर्युषणात टिळा सगळ्यांना लावावा, असं मी मंडळात मांडलं आहे. दोघींनी लगेच हो म्हटलं, बाकीच्या घरी विचारून सांगणार आहेत.