कधीच न उडालेल्या विमानाचा रंग

 

आज आपण अशा विमानांबद्दल बोलणार आहोत जी कधीच उडाली नाहीत. मोठ्या शहरात खेळण्यांच्या काही दुकानांत एक डबा मिळतो. त्यात प्लास्टिकचे सुटे भाग असतात. ते कापून, चिकटवून, रंगवून विमानाची छोटी प्रतिकृती करायची. बहात्तरपट लहान प्रतिकृती असेल, तर साडेपाच फुटी माणूस तिच्यात जेमतेम इंचभर दिसतो. काही डब्यांत खऱ्या विमानांच्या प्रतिकृती असतात, आणि काहींत विज्ञानकथेतल्या, सिनेमातल्या यानांच्या. त्या यानाचा खरा नमुना जगात कुठेच नसतो. तरी नीट रंगवलेलं यान बघितलं की वाटतं, हे आत्ताच कुठून तरी उतरलं आहे. ही करामत कशाची? रंगाच्या शेवटच्या हाताची. त्या हाताचा इतिहास आज सांगते.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. 1936 चा डिसेंबर फैजपूरला विसरता येत नाही. 27 आणि 28 तारखेला इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस इथे आले आणि त्यांनी टिळकनगर सजवलं. बांबू इथला, सामान इथलं, कारागिरांचे हातही इथले. हे आपण शाळेत ऐकलेलं आहे.

त्याच महिन्यात, 12 तारखेला, मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' लागला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचा शेवट आठवा. तुकोबांना वैकुंठाला न्यायला गरुडाच्या आकाराचं विमान येतं, आणि जिजाई संसारात मागे राहते. ते विमान आधी कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. ते प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत तयार झालं. तरी थिएटरातल्या माणसांनी पडद्यासमोर हात जोडले.

हा सिनेमा विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीनं केला. दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि बाबूराव मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आपण जवळून काय रंगवलं याला महत्त्व नाही, लांब बसलेल्याला काय दिसतं याला आहे. छोटी विमानं रंगवणारेही हेच सांगतात. खऱ्या विमानाचा गडद हिरवा रंग जसाच्या तसा छोट्या प्रतिकृतीला दिला, तर ती खेळण्यासारखी दिसते. म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळून रंग फिका करतात. शेताच्या बांधावरून सातपुडा बघा. जवळची केळीची बाग हिरवीगार दिसते, आणि मागचा डोंगर मात्र फिका, निळसर. लांबची वस्तू फिकी दिसते, हे आपण रोज बघतो.

आता प्लास्टिककडे येऊ. इंग्लंडमध्ये एअरफिक्स नावाची कंपनी 1939 साली निघाली. पुढे विमानांच्या प्रतिकृतींसाठी ती जगभर ओळखली गेली. पण तिची पहिली प्रतिकृती विमानाची नव्हती. 1949 साली तिनं फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली, ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला दाखवावी म्हणून. भाग जोडायला वेळ आणि मजुरी लागत होती. मग कंपनीनं ते भाग न जोडताच विकायला काढले. जोडायचं आणि रंगवायचं काम विकत घेणाऱ्याच्या हातात गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे येणार आहे.

1965 साली इंग्लंडमध्ये 'थंडरबर्ड्स' नावाची मुलांची मालिका टीव्हीवर आली. तिच्यात सगळी यानं छोटी, हातानं केलेली. डेरेक मेडिंग्ज हे त्या कामाचे प्रमुख. नवी कोरी चकचकीत यानं पडद्यावर खोटी दिसतात, म्हणून त्यांच्या माणसांनी ती मुद्दाम मळवली. 1977 साली अमेरिकेत 'स्टार वॉर्स' आला. त्या यानांवर कारागिरांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या डब्यांतले शेकडो बारीक भाग चिकटवले आणि वरून काजळी, ओघळ, खरचटे रंगवले. प्रेक्षकांना ती यानं वर्षानुवर्षं वापरातली वाटली. तेव्हापासून घरी बसून अशी यानं रंगवणाऱ्यांनीही हीच रीत उचलली.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे त्यात किती हात लागतात ते कळेल. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकला तेलकटपणा असतो, म्हणून आधी भाग साबणाच्या पाण्यानं धुवायचे. कापून, कडा तासून जोडायचे. दोन भागांच्या सांध्यात फट राहते, तिथे लांबी भरायची. वाळली की बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून घासायची, म्हणजे धूळ उडत नाही. मग अस्तराचा रंग. त्यावर खरा रंग, एका जाड हातानं नाही, तर पातळ दोन-तीन हातांनी. शाडूचा गणपती रंगवलेल्या बायांना हे सांगायला नको. जाड हात दिला की डोळ्यांची रेखीव कड बुजते. मग चमकदार वॉर्निश, त्यावर अक्षरांची आणि चिन्हांची चिकटचित्रं. नंतर काळपट रंग खूप पातळ करून रेषांत सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा, म्हणजे खाचा उठून दिसतात. शेवटी चमक मारणारं फिकं वॉर्निश.

मधे एक गंमत आहे, तिला खडेमीठ लागतं. आधी गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, तो वाळवून पक्का करायचा. मग पृष्ठभाग ओला करून मिठाचे दाणे टाकायचे आणि ते वाळून चिकटू द्यायचे. वरून यानाचा रंग द्यायचा. तो वाळला की मीठ घासून काढायचं. मिठाच्या जागी खालचा गंज दिसतो, पोपडे निघाल्यासारखा.

पण पोपडे कुठे काढायचे, काजळी कुठे धरायची, हे मीठ सांगत नाही. ते वापरणाऱ्याच्या नजरेला कळतं. चुलीच्या वरची भिंत काळी होते, बाजूची नाही. दाराचा रंग कडीपाशी आधी उडतो. उंबरा मधोमध झिजतो. केळीचा चीक कापडाला लागला की डाग पडतो, आणि तो घडाकडच्या खांद्यावरच पडतो. ट्रॅक्टरचा रंग पाय ठेवायच्या जागी जातो. यानाचंही तसंच. इंजिनाच्या मागे काजळी, दाराच्या कडेला खरचटे, तेलाच्या झाकणाखाली ओघळ, आणि ओघळ नेहमी खाली. ज्यानं कधी काही धुतलं-पुसलं नाही, तो माणूस डाग सगळीकडे सारखे उडवतो आणि यान खोटं दिसतं. घर राखणाऱ्या बाईला ही विद्या आधीच येते. फक्त तिला कुणी विद्या म्हणत नाही.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू. पहिल्या महायुद्धात सैनिकांची घड्याळं आणि विमानातली यंत्रं अंधारात दिसावीत म्हणून त्यांच्या तबकड्यांवर चमकणारा रंग लावत. त्यात रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात 1917 च्या सुमारास हे काम तरुण मुलींना मिळालं. आकडे अगदी बारीक. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. हे त्यांना कामावर शिकवलं होतं, आणि रंग निर्धोक आहे असंही सांगितलं होतं. काहीजणी मजेनं तो नखांना लावत. पुढे त्यांचे दात पडले, जबड्याची हाडं झिजली, कित्येकींचा जीव गेला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी 1927 साली दावा लावला. 1928 च्या जूनमध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे. तब्येत मात्र परत आली नाही. पण त्यांच्या लढ्यामुळे कामगारांना अशा विषारी धंद्यात संरक्षण मिळायला बळ आलं.

आपल्या रंगात रेडियम नाही. पण सवय तीच आहे. पोळ्याचे मातीचे बैल, गणपती, दिवाळीच्या पणत्या रंगवताना ब्रशचं टोक ओठांत धरणाऱ्या बाया आजही दिसतात. तेलरंगाचा आणि थिनरचा वास भरलेल्या बंद खोलीत, शेजारी लेकरू झोपवून काम चालतं. म्हणून तीन गोष्टी पाळा. ब्रशला टोक ओल्या फडक्यावर आणा, ओठांत नाही. थिनरचं आणि फवाऱ्याचं काम अंगणात किंवा ओट्यावर करा, लेकरं लांब ठेवून. नुसता रुमाल बांधून वास थांबत नाही, त्यासाठीचा मुखवटा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो गटाच्या खर्चातून घ्या.

आणि आता तो एअरफिक्सचा मुद्दा. त्या कंपनीला कळलं होतं की जोडण्याला आणि रंगवण्याला मजुरी पडते. आपल्या गटांच्या वहीत माती, रंग, ब्रश, गाडीभाडं, सगळं लिहिलेलं असतं. रंगवायचे तास मात्र लिहिलेले नसतात. का, तर ते काम रात्री भांडी झाल्यावर घरीच होतं. समजा वीस मूर्ती आहेत आणि एकेका मूर्तीला तीन तास लागतात, तर साठ तास झाले. तासाला पन्नास रुपये धरले तरी तीन हजार होतात. हे तीन हजार वहीत नसतील, तर मूर्ती स्वस्त जाते आणि गट नफ्यात दिसतो. तो नफा खरं तर कुणाच्या तरी झोपेतून काढलेला असतो.

पुढच्या बैठकीत वहीत एक नवा रकाना आखा, 'रंगकामाचे तास'. समोर प्रत्येकीचं नाव लिहा. व्यापारी भाव पाडायला आला, तर तो रकाना त्याच्यासमोर उघडा ठेवा.